हस्तलिखितांच्या दालनामागे: पोथी वाचकाच्या हाती येण्याआधी काय काय घडते?

ग्रंथालयात जुनी पोथी पाहायला मागितली की बहुतेक वेळा कर्मचारी आधी संगणकाच्या पडद्याकडे किंवा सूचीच्या जाड खंडाकडे बोट दाखवतात. मूळ पोथी लगेच मिळत नाही. क्वचित मिळालीच तर टेबलावर अंथरलेल्या कापडावर ठेवून, पेन बाजूला काढायला लावून दिली जाते. पहिल्यांदा येणाऱ्याला हा सगळा सोपस्कार वाटतो. पण ती पोथी सापडावी, ओळखता यावी आणि तिचा भुगा होऊ नये, यासाठी मागच्या खोलीत कित्येक वर्षे काम झालेले असते, आणि ते कधीच पूर्ण होत नाही.

हस्तलिखित म्हणजे नेमके काय, याची भारतात कायद्याने ठरलेली व्याख्या आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलावस्तू कायद्यानुसार इतर वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी शंभर वर्षे जुनी असावी लागते. शास्त्रीय, ऐतिहासिक, साहित्यिक किंवा सौंदर्यदृष्ट्या मोलाच्या हस्तलिखिताला मात्र ७५ वर्षे पुरतात. म्हणजे स्वातंत्र्याच्या आसपास आजोबांनी वहीत उतरवून घेतलेला वैद्यकीचा संग्रहसुद्धा आता या व्याख्येत बसू शकतो.

नागपुरात पोथ्या कुठून आल्या?

भोसल्यांच्या काळात नागपूर राजधानी झाले तसे शास्त्री, वैदिक, पुराणिक, कारकून अशी लिहिणारी-वाचणारी घराणी इथे स्थिरावली आणि त्यांच्यासोबत त्यांचे बस्तेही. १८५३ नंतर राज्य खालसा झाले, आश्रय गेला, पोथ्या घरोघरी माळ्यांवर राहिल्या. त्या कुणाकडे काय आहे, हे शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्रजी अमदानीतच झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील जर्मन संस्कृतज्ञ फ्रान्झ कीलहॉर्न यांनी केलेली मध्य प्रांतातील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८७४ मध्ये नागपुरात छापली गेली. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९२६ मध्ये, रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरहूनच प्रसिद्ध झाली. सूची नीरस दिसते खरी. पण पोथी कुठे आहे, कुणाकडे आहे आणि तिच्यात काय आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे एका ओळीत मिळणे ही संशोधकासाठी केवढी सोय असते, हे कारंजाच्या उदाहरणावरून कळते.

आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन जैन परंपरांची मंदिरे आणि त्यांची शास्त्रभांडारे आहेत. तिथल्या कपाटांत अपभ्रंश भाषेतले जुने ग्रंथ होते. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि मराठी-हिंदी-गुजराती यांच्यामधली कडी. त्या काळी या भाषेतले साहित्य फार थोडे उजेडात आले होते. सूचीकारांचे लक्ष इकडे गेले आणि पुढच्या दहा वर्षांत पोथ्या छापखान्यात पोहोचल्या. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये संपादित केले. ‘सावयधम्मदोहा’, ‘णायकुमारचरिउ’ आणि कनकामराचे ‘करकंडचरिउ’ ही पुस्तके प्रा. हिरालाल जैन यांनी १९३२ ते १९३४ या काळात कारंजाच्या ग्रंथमालेतून आणली. (रायबहादूर हिरालाल आणि प्रा. हिरालाल जैन या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. नाव सारखे, विषय सारखा, प्रांतही तोच, त्यामुळे लेखांत त्यांची गल्लत हमखास होते.) पुढे अमरावतीत आणि नागपुरात प्राध्यापक असलेल्या जैनांनी ‘षट्खंडागम’ या प्राचीन जैन ग्रंथाचे ‘धवला’ टीकेसह संपादन हाती घेतले. त्याचा पहिला खंड १९३९ मध्ये निघाला आणि सोळावा १९५८ मध्ये. या पोथ्या जगात होत्याच. सूचीत नोंद नसती, तर आणखी किती काळ कपाटात राहिल्या असत्या, कोण जाणे.

आज नागपुरात विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, विदर्भ संशोधन मंडळासारख्या जुन्या संस्था आहेत, आणि जवळच रामटेकला कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. खासगी घरांतले, मठ-मंदिरांतले संग्रह वेगळेच.

बस्ता उघडण्याआधी

घरून आलेला बस्ता थेट कपाटात जात नाही. तो आधी वेगळ्या खोलीत ठेवतात, कारण त्याच्यासोबत वाळवी, कसर किंवा बुरशी येण्याची भीती असते आणि एका बस्त्यातली कीड अख्ख्या दालनात पसरू शकते. पूर्वी अशा पोथ्या बंद पेटीत थायमॉलच्या धुरीत ठेवत. थायमॉल म्हणजे ओव्याच्या तेलातला मुख्य घटक. तो बुरशी मारतो. मात्र ही रसायने काम करणाऱ्याच्या फुप्फुसांनाही सोडत नाहीत. त्यामुळे आता शक्य तिथे हवाबंद पिशवीत घालून अतिथंड करणे किंवा पिशवीतला प्राणवायू काढून घेणे हे मार्ग वापरले जातात.

मग मऊ ब्रशने धूळ काढायची. पान मधून कडेकडे, एकाच दिशेने. तोंडाला मास्क हवाच, कारण जुन्या बुरशीची भुकटी दम्याला आमंत्रण देते. हातमोजे मात्र चित्रपटात दिसतात तितके सर्रास वापरत नाहीत. सुती मोज्यांत बोटांना पानाची कड नीट जाणवत नाही आणि ठिसूळ कागद फाटतो. स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात कागदासाठी जास्त बरे.

या टप्प्यावर एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो: पाने ज्या क्रमाने आली, त्या क्रमाची नोंद झाल्याशिवाय ती हलवायची नाहीत. पोथी शिवलेली नसते, तिची पाने सुटी असतात. कुणीतरी कधीतरी पारायणानंतर ती उलटसुलट ठेवलेली असतात, दोन ग्रंथांची पाने एकमेकांत मिसळलेली असतात. पण त्या गोंधळातही माहिती असते. कुठल्या ग्रंथासोबत कुठला ग्रंथ ठेवला होता, मध्ये कुणाच्या लग्नाची याद होती, कुठल्या पानावर बाजारहिशोब होता, यावरून त्या घराचा आणि पोथीचा इतिहास लागतो. घाईने ‘नीट’ लावलेल्या बस्त्यातून तो कायमचा जातो.

बस्त्यात सगळेच हस्तलिखित असते असेही नाही. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर पोथीच्याच आकारात, सुट्या पानांवर, वळणदार अक्षरांत ग्रंथ छापले जात. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले, तेव्हा छापील अक्षराला विटाळ मानणारे लोक होते. शाईत चरबी नको म्हणून त्यांनी तूप वापरले, असे सांगितले जाते. शिळाप्रेसची पोथी नवख्याला हाताने लिहिलेलीच वाटते. भिंगाखाली फरक कळतो. बोरू दौतीत बुडवला की पहिली अक्षरे गडद उमटतात आणि पुढची फिकट होत जातात. छापलेल्या पानात शाई सगळीकडे सारखी. अशी पोथी हस्तलिखित नसली तरी दुर्मीळ पुस्तक असू शकते, म्हणून ती टाकून देत नाहीत, दुसऱ्या नोंदवहीत जाते.

ग्रंथ कोणता, लेखक कोण, साल कोणते?

सूचीकाराचे खरे काम इथे सुरू होते आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच जातो. पोथीला मुखपृष्ठ नसते. ग्रंथाचे नाव बहुधा शेवटी, पुष्पिकेत सापडते. शेवटचे पान हरवले असेल तर प्रत्येक अध्यायाच्या अखेरीस, नाहीतर पानाच्या समासात लिहिलेल्या आद्याक्षरांत शोधावे लागते. पानाचा आकडा बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतो, त्यामुळे छापील पुस्तकाच्या सवयीने मोजणारा माणूस पहिल्याच दिवशी चुकतो. लांबी-रुंदी, पानावरच्या ओळी, ओळीतली अक्षरे, लिपी, कागद, पूर्ण की त्रुटित, हे सगळे नोंदले जाते. ओळी आणि अक्षरे मोजण्यामागे हेतू असतो: त्यावरून संपूर्ण ग्रंथाचा अंदाजे विस्तार काढता येतो आणि आपल्याकडे किती भाग आहे ते कळते.

तारखेचे प्रकरण आणखी नाजूक. समजा पुष्पिकेत शके १६५० आणि कीलक संवत्सर लिहिले आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन १७२८ येते. महिना पौष, माघ किंवा फाल्गुन असेल तर बहुधा १७२९. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे, आणि महाराष्ट्रात चालणाऱ्या गणनेने शके १६५० ला कीलकच येते, म्हणजे दोन्ही नोंदी जुळल्या. ‘शके १६५० प्लवंग’ असे आले असते, तर लेखनिक आकड्यात चुकला की संवत्सरात, हे ठरवावे लागले असते, कारण प्लवंग आदल्या वर्षी येते. तिथी आणि वार दिलेला असला तर पंचांगाच्या कोष्टकांवरून तो वादही मिटतो.

कधी साल आकड्यात नसतेच. ख म्हणजे शून्य, बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा, चंद्र म्हणजे एक. असे शब्द ओळीने दिलेले असतात आणि ते उलटे वाचायचे असतात; या चार शब्दांचे झाले तेच १६५०. जैन पोथ्यांत शकाऐवजी विक्रम संवत येण्याची शक्यता मोठी. दोहोंत १३५ वर्षांचा फरक, तेव्हा नुसते ‘संवत’ वाचून शक समजणारा सूचीकार पोथीला एका फटक्यात १३५ वर्षांनी अलीकडे ओढतो. मोडी कागदांत सुहूर सन किंवा फसली सन असतो, त्यांचे हिशोब आणखी निराळे.

आणि इतके करूनही फसगत होते. नक्कल करणारा लेखनिक समोरच्या प्रतीतली पुष्पिकासुद्धा जशीच्या तशी उतरवतो. मग साल जुन्या प्रतीचे आणि कागद-अक्षर शंभर वर्षांनी नवे, अशी पोथी हाती येते. म्हणून अनुभवी सूचीकार आधी कागद उजेडासमोर धरून पाहतो, अक्षराचे वळण पाहतो आणि सालाकडे शेवटी वळतो.

विदर्भात यात आणखी एक गाठ आहे, महानुभावांच्या पोथ्यांची. पंथाच्या मंडळींनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. लिपी देवनागरीसारखीच दिसू शकते, पण अक्षरांची अदलाबदल केलेली असते. त्यामुळे वाचता येते आणि अर्थ मात्र लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांना या लिप्यांची किल्ली मिळाली आणि तेराव्या शतकातले मराठी गद्य एकदम समोर आले. ‘लीळाचरित्र’ नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात छापून आणले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये आली. पंथाच्या परंपरेनुसार म्हाइंभटाची मूळ प्रत परचक्रात हरवली आणि अनेकांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, म्हणून तिचे अनेक पाठ झाले. अशा ग्रंथाच्या बाबतीत ‘ही प्रत आपल्याकडे आहेच’ म्हणून दुसरी बाजूला ठेवता येत नाही. दहावी प्रतसुद्धा एखाद्या लीळेचा वेगळा पाठ देऊ शकते.

चुकीच्या नोंदीची किंमत सरळ आहे: पोथी कपाटात असूनही नसल्यासारखी होते. एका बस्त्यात पाच ग्रंथ असतील आणि सूचीत फक्त पहिल्याचे नाव असेल, तर उरलेले चार कुणालाही सापडणार नाहीत. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ शतकानुशतके केवळ उल्लेखांतून माहीत होते. म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयात आलेली ताडपत्रावरची प्रत ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ओळखली आणि १९०९ मध्ये छापली, तेव्हा ते हाती आले. ओळखणारा माणूस त्या खोलीत होता, हे महत्त्वाचे.

नागपूरचा उन्हाळा आणि कूलर

कागदाला ऊन-पावसापेक्षा चढउतार जास्त मारतो. हवा कोरडी झाली की कागदातले पाणी निघून तो आक्रसतो, दमट झाली की फुगतो. हे वारंवार झाले की तंतू तुटतात आणि शाईचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. संग्रहालयांत साधारण २० ते २५ अंश तापमान आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता स्थिर ठेवावी असे मानतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. जुलैत तीच ऐंशी-नव्वदवर पोहोचते. दोन महिन्यांत एवढी उडी.

त्यात नागपूरकरांचा लाडका कूलर. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवरून पाणी सोडून हवा गार करणारे हे यंत्र माणसासाठी उत्तम आहे, पोथ्यांच्या खोलीत मात्र ते शत्रूच. ते खोलीत सतत दमट हवा ढकलते, आणि कोंदट कोपऱ्यात बुरशीला आयता मे महिना मिळतो. वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवले तरी रोज एक चढउतार होतोच. पैसा कमी असेल तर जाड भिंतींची आतली खोली, भिंतीपासून हातभर लांब ठेवलेली कपाटे, सुती कापडात घट्ट बांधलेली पोथी आणि वरखाली दोन लाकडी फळ्या, हा जुना उपायच पुष्कळ काम करतो. कापडाच्या घड्या बाहेरचा बदल आत पोहोचायला उशीर लावतात. कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाची पुरचुंडीही ठेवतात, फक्त पाल्याचा ओलावा पानांना लागू द्यायचा नाही.

जुने लेखनिक रसायनेही जाणून होते. काजळ आणि बाभळीचा डिंक यांची काळी शाई शतकानुशतके टिकते. लोखंडाचे क्षार घातलेली शाई मात्र अक्षराच्या जागी कागदच खाऊन टाकते. लाल अक्षरांसाठी हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे संयुग. चुकलेले अक्षर झाकायला पिवळा हरताळ, म्हणजे आर्सेनिकचे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. कीड हरताळाला टाळते हा फायदा. आणि थुंकी लावून पान उलटायची सवय असलेल्यांनी पोथीपासून दूर राहावे, हे त्याच गोष्टीचे दुसरे टोक.

दुरुस्ती: जे परत काढता येईल तेच लावायचे

फाटलेले पान जोडायला तलम जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरतात. खळ पाण्याने सुटते, म्हणून पन्नास वर्षांनी कुणाला अधिक चांगला उपाय सापडला तर आजची दुरुस्ती काढून टाकता येते. काही दशकांपूर्वी ठिसूळ कागदांवर दोन्ही बाजूंनी पारदर्शक पटल चढवण्याची पद्धत देशभरच्या अभिलेखागारांत होती. त्या वेळी तो उत्तम उपाय मानला गेला. आता ती पटले पिवळी पडू लागली आहेत आणि कागदासह ती सोडवणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसले आहे. सेलोटेपबद्दल न बोललेले बरे. त्याचा चिकट द्रव कागदात मुरतो, तपकिरी होतो आणि अक्षरे सोबत घेऊन निघतो.

सगळे दुरुस्त करणे परवडत नाही. एका पानाला कधी अर्धा दिवस लागतो. त्यामुळे कोणत्या पोथीला आधी हात लावायचा, हा निर्णय करावाच लागतो: दुसरीकडे प्रत नसलेला ग्रंथ, आज ना उद्या तुटणारे पान, आणि वाचकांची मागणी, यांत ओढाताण असते. एखाद्या सामान्य स्तोत्राच्या सुबक पोथीपेक्षा वऱ्हाडी वैद्याचे मळकट बाड मोलाचे ठरू शकते, कारण स्तोत्राच्या शेकडो प्रती असतात आणि त्या बाडाची एकच.

स्कॅनिंग आणि मूळ प्रत

राष्ट्रीय हस्तलिखित अभियान २००३ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून सूची आणि डिजिटायझेशनला वेग आला. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञानभारतम’ या नव्या योजनेत एक कोटीहून अधिक हस्तलिखिते घेण्याची घोषणा झाली. पोथी सपाट काचेच्या स्कॅनरवर दाबत नाहीत, वर टांगलेल्या कॅमेऱ्याने टिपतात. कोऱ्या पानांचाही फोटो घ्यायचा, नाहीतर पुढे कुणालाही वाटेल की पान राहून गेले. ज्या बस्त्याची आधी नीट नोंद झाली नाही, त्याचे फोटोही निनावी राहतात. ‘फोल्डर १७’ ही काही सूची नव्हे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला, तेव्हापासून प्रतिमांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असण्याचे महत्त्व कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

प्रतिमा उपलब्ध झाली की मूळ पोथी वाचकांना क्वचितच दिली जाते. कागदाचा पोत, शाईचा थर, दोन हातांची अक्षरे हे पाहायचे असेल तेव्हाच ती निघते, आणि तेव्हाही टेबलावर फक्त पेन्सिल.

घरात पोथी असेल तर

जुन्या पोथ्या नदीत विसर्जित करायची रीत अजून आहे. त्यात काय गेले याची मोजदाद कधीच होणार नाही. दसऱ्याला पूजेत ठेवलेल्या पोथीवर हळदकुंकू आणि ओली फुले वाहिली जातात, त्यांचे डाग आणि बुरशी जन्मभर राहतात. पूजा पोथीच्या कापडावरून करावी. पाने क्रम न बदलता, धुतलेल्या सुती फडक्यात, सपाट ठेवावीत. प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँड, सेलोटेप, डांबरगोळ्या पानांना लावू नयेत. पोथी द्यायची नसेल तरी चालते; मालकी घरातच ठेवून नोंद आणि छायाचित्रे करून घेता येतात. संस्थेकडे जाताना पोथीसोबत एक साधा कागद न्यावा: ती कुणाकडून आली, घराणे मूळ कुठले, आजोबा-पणजोबा काय करत. घरातले वडीलधारे आहेत तोवर हे लिहून घ्यावे, कारण पुष्पिकेत ते कुणी लिहिलेले नसते.